भिंतीपलीकडून ऐकलेली फळी

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते मिलिमीटर. हे नाव ठेवलं शेजारच्या घड्याळवाल्याने. त्याने हौसेने दुकानाला नवं दार बसवून घेतलं, चार शेजाऱ्यांना चहाला बोलावलं, आणि यांनी पहिला घोट घ्यायच्या आत सांगून टाकलं, "दार झकास आहे. फक्त उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, तीन मिलिमीटरची फट राहिलीय." घड्याळवाल्याने चिडून पट्टी लावली. बरोबर तीन. त्या दिवशी जे नाव चिकटलं ते चिकटलंच. मग पोस्टमनसुद्धा पार्सल घेऊन आला की विचारायला लागला, "मिलिमीटरसाहेब आहेत का?"

त्यांच्या बायकोला, काकूंना, त्याचं नवल नव्हतं. त्या सांगायच्या, "आमच्या लग्नाचा फोटो बघा. झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. हे तेवढे माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरची तिरकी तसबीर बघतायत."

मिलिमीटर गिटार बनवत. विजेची नव्हे. नायलॉनच्या तारांची, बोटांनी छेडायची, एकट्या माणसाने मांडीवर घेऊन अख्खं सभागृह गप्प करायचं, ती. वर्षाला पाच, फार तर सहा. घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीला आकाराप्रमाणे टांगलेल्या पटाश्या, सरस वितळवायची छोटी शेगडी, आणि आर्द्रता दाखवणारं एक घड्याळ, ज्याच्याकडे ते दिवसातून वीस वेळा बघत. पट्ट्या, कडा, मानेवरच्या पितळी पट्ट्यांमधली अंतरं, सगळं मोजून. पण अख्ख्या गिटारमध्ये एकच गोष्ट हा माणूस मोजून ठरवत नसे, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची होती. वरची फळी.

वरची फळी म्हणजे जिला मधोमध गोल भोक असतं ती. गिटारचा आवाज निम्म्याहून जास्त तिच्यातून येतो. स्प्रूस या थंड प्रदेशातल्या झाडाच्या लाकडाचे दोन तुकडे काठाला काठ जोडून ती करायची आणि रंध्याने पातळ करत न्यायची. किती पातळ? हे कुठल्याही दोन फळ्यांना सारखं लागू नसतं. मिलिमीटर ती फळी वरच्या बाजूला दोन बोटांच्या चिमटीत धरून कानाजवळ न्यायचे आणि मधल्या बोटाच्या पेराने टकटक करायचे. जाड फळी नुसती 'टक्' करून गप्प बसते. पातळ होत जाते तसा आवाज खाली उतरतो, मोकळा होतो, आणि एका क्षणी ठोक्याच्या मागे बारीक, लांब झणकार उमटतो. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे गेलं की फळी ढिली पडते, 'ढब्' बोलायला लागते, आणि काढलेलं लाकूड काही परत चिकटवता येत नाही. झणकार उमटला की मिलिमीटर रंधा खाली ठेवत आणि दार उघडून एकच शब्द उच्चारत, "आली!"

त्या वेळी काकू दारापाशीच चहाचा कप घेऊन उभ्या असायच्या. इतकी वर्षं मिलिमीटरांना वाटायचं, बायको वेळेची पक्की आहे.

खरी गोष्ट वेगळी होती. स्वयंपाकघर आणि कामाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती, आणि ती छतापासून वीस सेंटिमीटर खालीच थांबलेली होती. हवा खेळावी म्हणून मिलिमीटरांनीच मोजून ठेवलेली ती जागा. त्या जागेतून ठोके स्वयंपाकघरात यायचे. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून काकूंनी ते ऐकले होते. शेंगा सोलताना, शर्टाला इस्त्री करताना, मुलीचा पाढा घेताना. एकशे साठेक फळ्या त्यांच्या कानांवरून गेल्या होत्या. कुठली फळी आज सकाळी कशी बोलत होती आणि दुपारी किती उतरली, हे त्यांना कुणी न शिकवता कळायला लागलं होतं. "आली" हे नवऱ्याच्या तोंडून निघायच्या आधी त्यांनी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं.

आणि एक नियम होता. फळीवर काम चालू असताना त्या खोलीत कुणी जायचं नाही. एकदा लहानपणी मुलगी चेंडू शोधत आत गेली, मिलिमीटरांचा हात अडखळला, आणि फळी वाया गेली. ते ओरडले नाहीत, पण दोन दिवस जेवताना मान वर केली नाही. तेव्हापासून तो नियम दगडावरची रेघ झाला.

आता ज्या गिटारची ही गोष्ट, ती बाईंची होती. बाई म्हणजे संगीतशाळेत पंचवीस वर्षं गिटार शिकवलेल्या. उंचीने लहान, हातांनी त्याहून लहान. शाळेच्या अवजड गिटारवर पोरांना धडे देता देता त्यांचं स्वतःचं वाजवणं मागे पडलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता आपलं वाजवायचं. नदीकाठच्या छोट्या सभागृहात त्यांचा एकटीचा पहिला कार्यक्रम ठरला होता, आणि त्यासाठी त्यांच्या हाताच्या मापाची गिटार हवी होती. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी मिलिमीटरांच्या यादीत नंबर लावला होता.

मिलिमीटरांनी त्यांच्यासाठी माळ्यावरून दोन फळ्या, प्रत्येकी एका गिटारपुरत्या, खाली काढल्या. ज्या म्हाताऱ्या कारागिराकडे ते काम शिकले, त्याने निरोप देताना एकाच ओंडक्यातून चिरून दिलेल्या. बत्तीस वर्षं त्या सावलीत वाळत पडल्या होत्या. "या फळ्यांची गिटार कुणासाठी करायची ते अजून भेटलं नाही," असं ते म्हणायचे. बाई पहिल्यांदा घरी आल्या, मिलिमीटरांच्याच एका जुन्या गिटारवर दहा मिनिटं वाजवून गेल्या, आणि मिलिमीटर काकूंना म्हणाले, "भेटलं."

त्या दिवशी काकू मटार सोलत होत्या. अकराचा सुमार. पलीकडे पहिली फळी चालू होती. खर्र, खर्र, मग टकटक. खर्र, टकटक. आणि मग तो झणकार आला, इतका स्वच्छ की काकूंचा हात वाटाण्याच्या शेंगेतच थांबला. इतकं छान लाकूड त्यांनीही क्वचितच ऐकलं होतं. त्यांनी उठून आधण ठेवलं.

खर्र.

काकूंनी कान टवकारले. परत खर्र. टकटक. झणकार अजून होता, पण तळाशी काहीतरी सैल झालं होतं. त्या रिकामा कप हातात घेऊन दाराशी गेल्या. कडीला हात लावला. काढला. बत्तीस वर्षांत आपण कधी न मोडलेला नियम आजच कसा मोडायचा? ह्यांना माहीत असेल ना काय करतायत ते, त्यांनी स्वतःला समजावलं. आत रंधा चालूच होता. चहाचं आधण उकळून उकळून निम्मं झालं. शेवटी जो ठोका पडला तो ऐकून काकूंनी गॅस बंद केला. ढब्.

दीड वाजता दार उघडलं. मिलिमीटर "आली" म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "लाकूड मेलेलं आहे."

"म्हणजे?"

"बोलतच नाही. सकाळपासून घासतोय. झणकार म्हणून नाही त्यात. इतकी वर्षं ठेवलं, बहुधा ठेवता ठेवताच मेलं." मग एरवी फळी झाल्यावर नुसत्या नोंदीसाठी काढत ते जाडी मोजायचं यंत्र त्यांनी आणलं, फळीला लावलं आणि आकडा वाचला. "एक पूर्णांक सहा." त्यांच्या आवाजाला धारच नव्हती. "अगं, सव्वादोनच्या खाली मी आयुष्यात उतरलो नाही."

जेवण झाल्यावर म्हणाले, "दुसरी फळी त्याच ओंडक्याची. तीही तशीच असणार. मी बाईंना कळवतो, माझ्याकडून होणार नाही म्हणून. आणि खरं सांगू, आता नवं करणं पुरे. तुटलेल्या दुरुस्त करत बसेन. त्याला काही ऐकायला लागत नाही."

ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. पण काकूंच्या मनात ते रुतून बसलं.

दुपारी त्या भांडी विसळताना जुळवाजुळव करत होत्या. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो पिप् पिप् करून घर डोक्यावर घेतो. मिलिमीटर त्याच्या शेजारी उभे राहून शांतपणे संत्रं सोलत असतात. ताप आला की काखेतला थर्मामीटर वाजून वाजून थकतो, हे म्हणतात, "बिघडलाय वाटतं." काकूंना वाटायचं, कामात डोकं असतं म्हणून लक्ष नाही. त्या हात पुसत घड्याळवाल्याच्या दुकानात गेल्या.

"भाऊजी, एक विचारते. आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं का हो?"

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. "वहिनी, हा प्रश्न तुम्ही दोन वर्षांनी विचारताय. बारीक घड्याळाची टिकटिक त्याला कानाला लावली तरी ऐकू येत नाही. मोठी घड्याळं येतात. बोलणं येतं. बारीक आवाजच तेवढे थोडेथोडे जात होते, आता पार गेलेत."

"मग बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो. पण गेली दोन वर्षं बुद्धिबळात मी हळूच 'शह' म्हणतो आणि तो काही बोलत नाही. इतकी सोय कोण सोडतं?"

काकू हसल्या नाहीत. घरी येऊन त्या सरळ कामाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. फळीचं काम चालू नव्हतं, त्यामुळे नियम लागू नव्हता.

"लाकडाचं काही बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फळी सव्वाअकराला आली होती. तुम्हाला ऐकू आली नाही."

मिलिमीटरांनी वर पाहिलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"तू." ते चिडले की आवाज न वाढवता एकेक शब्द मोजून ठेवत. "तू कधीपासून लाकडातली जाणकार झालीस? रंधा उलटा धरतेस तू."

"रंधा उलटाच धरते. कान सरळ आहेत माझे. परीक्षा घ्या हवी तर. मी स्वयंपाकघरात बसते, दार लावून. तुमच्या मांडणीवर पाच-सहा फळ्या पडल्यात. कुठलीही उचला आणि ठोका. मी सांगते कुठली ती."

मिलिमीटरांच्या चेहऱ्यावर प्रथमच राग सोडून काहीतरी दिसलं. कुतूहल. "बस," ते म्हणाले.

काकूंनी दार लावलं, मटाराची कढई मंद आचेवर ठेवली आणि स्टुलावर बसल्या. पलीकडून आवाज आला. टक्.

"कच्ची," त्यांनी ओरडून सांगितलं. "अजून बरीच घासायचीय."

टक्, टंग्.

"ही झालेली. दोन वर्षांपूर्वी गाठ निघाली म्हणून बाजूला ठेवलीत ती."

मग, ढब्.

"ही सकाळची. गेलेली."

पुन्हा एक ठोका.

"मघाचीच परत वाजवताय. पुढची घ्या."

मग एक फारच बसका आवाज आला. काकू उठून दाराशी गेल्या. "हा टेबलाचा खण आहे! चेष्टा पुरे आता, माझे मटार करपतील."

दार उघडलं तेव्हा मिलिमीटर हातात फळी घेऊन उभे होते, आणि इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मोजमाप चुकलेल्या माणसासारखे.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून."

"म्हणून तो चहा."

"म्हणून तो चहा."

त्यांनी फळी हलकेच टेबलावर ठेवली. "म्हणजे आज सकाळी ती आली तेव्हा तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

"मग आत का नाही आलीस गं?"

काकूंना हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, आणि तरी तो लागला. "दाराच्या कडीला हात लावून उभी होते. बत्तीस वर्षांत कधी आत आले का मी? तुमचाच नियम." मग त्या थांबल्या, कारण तेवढंच पुरेसं नव्हतं. "पण यायला हवं होतं. माझीही चूक झालीच."

"निम्मी," मिलिमीटर म्हणाले. "मोजली तर निम्मीच."

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथे डॉक्टरांनी त्यांना बंद काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं, एकेक आवाज ऐकवला, आणि कागदावर एक रेघ काढली. ती रेघ डावीकडून छान सरळ येत होती आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून पडल्यासारखी खाली जात होती. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. मिलिमीटरांनी ते लावून घरी आल्या आल्या ती वाया गेलेली फळी ठोकली आणि तोंड वाकडं केलं. "पत्र्याचा डबा वाजतोय." यंत्र बाजारात, फोनवर आणि बुद्धिबळाला कामाचं ठरलं. घड्याळवाला आठवडाभर रुसला. फळीसाठी मात्र ते उपयोगाचं नव्हतं.

बाई आल्या तेव्हा मिलिमीटरांना आडून सुचवायचं होतं. काकूंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "जे आहे ते सरळ सांगायचं. त्यांची गिटार आहे." म्हणून त्यांनी सरळ सांगितलं. एक फळी गेली. एकच राहिली. माझ्या कानाला झणकार येत नाही. हिच्या येतो.

बाईंनी काकूंकडे वळून पाहिलं, शिक्षिकेच्या नजरेने. "तुम्ही काही वाजवता?"

"नाही. भांडी तेवढी."

"लाकूडकाम?"

"शून्य."

"आणि तुम्ही सांगणार कुठे थांबायचं."

"हो," काकू म्हणाल्या. हा 'हो' इतका साधा आणि भरवशाचा होता की बाईंनी पुढचे प्रश्न सोडून दिले. "ठीक. पण एक सांगून ठेवते. मी वाजवून बघणार. जमली नाही तर भिडेखातर घेणार नाही, आणि कार्यक्रम शाळेच्या जुन्या धुडावर करीन. माझ्या पहिल्या कार्यक्रमात मला कुणाची समजूत घालत बसायचं नाहीये."

"तसंच हवं," मिलिमीटर म्हणाले.

दुसऱ्या फळीला हात लावला तेव्हा आधी त्यांनी काकूंना आतच बसवलं. खुर्ची दिली, उशी दिली. आणि काम काही जमेना. जवळून ठोकणाऱ्या बोटाच्या हाडाचा आवाजच मोठा यायचा, झणकार त्यात बुडायचा. शिवाय नवऱ्याचा चेहरा समोर. तो आशेने बघायला लागला की काकूंना आवाज आहे त्याहून बरा वाटायला लागायचा.

"मला बाहेर जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही दिसत असलात की ऐकू येत नाही."

"लोकांना उलटं होतं."

"लोकांची लग्नं नवी असतात."

त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. हातात शेंगा घेतल्या, कारण रिकाम्या हाताने त्यांना ऐकायची सवयच नव्हती. आणि आता सगळं जागेवर आलं. खर्र, टकटक. "कच्ची." खर्र, खर्र, टकटक. "डावी बाजू जड आहे." पलीकडे हसण्याचा आवाज. डावी बाजू खरंच जड होती. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज उतरायला लागला, मोकळा व्हायला लागला. काकूंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या.

खर्र. टकटक.

"थांबा!"

पलीकडून रंध्याचा आवाज थांबला. "अजून खूप आहे," मिलिमीटरांचा आवाज आला. "हाताला कळतंय मला. ताठ आहे अजून."

"थांबा म्हटलं."

"अगं, मोजतो थांब." यंत्राची खुडबुड. "दोन पूर्णांक सात! इतकी जाड फळी मी आयुष्यात ठेवली नाही. या जाडीला गिटार मुकी होईल. मी फक्त मधोमध एकदा…"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी कडीला हात लावून थांबल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं, आत गेल्या, टेबलाच्या या बाजूला उभ्या राहिल्या, आणि रंध्यावरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"ही आली," त्या म्हणाल्या. "जाडीतलं मला काही कळत नाही. तुमचे बाकीचे आकडे काय म्हणतात तेही नाही. पण एकशे साठ फळ्या मी ऐकल्यात आणि ही त्या सगळ्यांहून आधी आली. चांगलं लाकूड आधी येत असेल, काय माहीत."

मिलिमीटरांची बोटं रंध्यावर घट्ट होती. बत्तीस वर्षांचा हात एकीकडे आणि बायकोचा कान दुसरीकडे. फळी एकच होती. चुकलं तर परत ठोकून बघायला तिसरी नव्हती. त्यांनी एकवार फळी उचलून कानाजवळ नेली, ठोकली, आणि त्यांना जे ऐकू यायचं तेच ऐकू आलं. लाकूड. नुसतं लाकूड. मग त्यांनी रंधा उचलला, त्याचं पातं आत ओढून घेतलं, आणि तो खणात ठेवून खण बंद केला.

"आली," ते म्हणाले, काकूंकडे बघत. स्वतःहून नव्हे, ऐकलेलं परत म्हटल्यासारखं.

पुढचं काम त्यांच्या हातचं होतं आणि त्यात कुणाची मदत लागली नाही. फळीच्या आतून पंख्यासारख्या पसरणाऱ्या सात बारीक पट्ट्या सरसाने बसवल्या. शिसवीच्या कडा गरम नळीवर वाकवल्या. बाईंच्या हाताच्या ठशावरून मान घडवली, नेहमीपेक्षा चार मिलिमीटर अरुंद. पाठ चिकटवली. मग तीन आठवडे चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश, कापडाच्या गोळ्याने, गोल गोल, एकावर एक थर. काकूंना तो वास आवडत नसे, पण या वेळी त्यांनी खिडकी उघडली नाही. धूळ बसेल म्हणून.

तारा चढवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी बाई आल्या. काही बोलल्या नाहीत. पायाखाली छोटं स्टूल घेतलं, गिटार मांडीवर घेतली, नखं काचपेपरवर घासली, आणि वाजवायला लागल्या. आधी जाड तारा. मग मधल्या. खोली भरून गेली. जाडजूड म्हणून मुकी होईल असं ज्या फळीबद्दल वाटलं होतं, तिचा आवाज खोलीत मावेना. मग बाईंचा डावा हात मानेवरून खाली, गिटारच्या अंगाजवळ सरकला आणि बारीक तारेवरचे सर्वांत वरचे सूर त्यांनी एकेक करून छेडले.

मिलिमीटरांना ते सूर दुरून, कापसातून आल्यासारखे ऐकू आले. ज्या माणसाने आयुष्यभर गिऱ्हाइकासमोर बायकोला चहाशिवाय काही विचारलं नव्हतं, तो सरळ वळला आणि म्हणाला, "कशी आहे?"

"छान आहे," काकू म्हणाल्या. "पण सगळ्यांत बारीक तार वर गेल्यावर कोरडी पडते. मागे काही उरत नाही."

बाईंचा हात थांबला. "मी हेच सांगणार होते."

मिलिमीटरांचा चेहरा एकदम खुलला, कारण हे त्यांच्या ओळखीचं दुखणं होतं. "फळी नाही. पट्टी आहे." तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती त्यांनी काढली आणि पालथी करून उजेडाकडे धरली. एका टोकाला, बारीक तारेच्या बाजूला, ती खाचेत पूर्ण टेकत नव्हती. काचेवर काचपेपर ठेवून त्यांनी पट्टीचा तळ दोनदा घासला, बसवली, तार चढवली. बाईंनी सूर छेडला.

"जवळ आलं," काकू म्हणाल्या.

पुन्हा काढली, पुन्हा एकदाच घासली, पुन्हा बसवली. बाईंनी सूर छेडला, आणि हात तारेवरून उचलला. सूर राहिला. खोलीत लटकून राहिला, आणि बारीक होत होत खिडकीपर्यंत गेला.

या वेळी कुणी कुणाला काही विचारलं नाही. बाईंनी गिटार नीट घेतली आणि कार्यक्रमात वाजवायचं पहिलं गाणं सुरू केलं. ते संपल्यावर थांबल्या नाहीत, दुसरंही वाजवलं. काकू दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. मिलिमीटर बाईंच्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं जाऊ म्हणतील तिथे पोहोचत होती, ताण नव्हता.

"ही माझी," बाई शेवटी म्हणाल्या आणि स्वतःच पेटीत ठेवायला लागल्या. मिलिमीटरांनी सूचनांची फैर झाडली. कोरड्या हवेत पेटीबाहेर ठेवायची नाही, गाडीत तर अजिबात नाही, पहिला महिनाभर रोज वाजवायची, मग तिचा आवाज आणखी मोकळा होईल. बाई मान हलवत होत्या. दारातून बाहेर पडता पडता त्या म्हणाल्या, "माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. फार चांगली वाजवते. तिला पाठवू का तुमच्याकडे? का नवं काम बंद केलंय?"

"पाठवा की," मिलिमीटर म्हणाले. "पण सकाळी लवकर नको. तेव्हा ही बाजारात असते."